आधी सावली

आमच्या घरात आम्ही दोघी जावा. थोरली घर आणि वाडी पाहते, धाकटी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. हे लिहिणारी धाकटी आहे. पण जे सांगायचे आहे ते तिच्या एकटीचे नाही, म्हणून 'मी' न लिहिता 'आम्ही' लिहीत आहोत. थोरलीने सगळे वाचून घेतले आहे आणि दोन ठिकाणी हरकतही घेतली आहे. एक हरकत आम्ही मान्य केली, दुसरी केली नाही.

श्रीवर्धन तालुक्यात खाडीच्या काठाला आमचे गाव. मागचे दार उघडले की परस, आणि परसाला लागूनच वाडी. सगळी मिळून 11 गुंठे. आमच्या सासूबाई, ज्यांना सारे घर अम्मा म्हणते, त्या या घरात आल्या तेव्हा इथे सात माड आणि एक विहीर होती. बाकीचे त्यांनी लावले. 2020 सालच्या मे महिन्यापर्यंत या वाडीत 13 माड होते, नव्वदच्या आसपास पोफळी होत्या, चार जायफळे, दोन रातांबे, एक फणस, दालचिनीची काही झुडपे, माडांवर चढलेले मिरवेल, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी केळी आणि अळू, आणि या सगळ्यांच्या पायाशी हळद, आले, सुरण, करांदे. कुंपणाला मेंदी. ईदच्या आदल्या रात्री अर्ध्या मोहल्ल्याच्या मुलींना आमच्या कुंपणाची मेंदी पुरत असे.

हल्ली शहरातली माणसे अशा बागेला 'फूड फॉरेस्ट' म्हणतात आणि ती कशी करावी याची शिबिरे भरवतात. आमच्या कृषी विद्यापीठाने नारळाच्या बागेत मसाल्याची झाडे लावायच्या पद्धतीला 'लाखी बाग' असे नाव दिले आहे. अम्मांना दोन्ही नावे ठाऊक नव्हती. त्यांचा हिशेब साधा होता. माड वरचे ऊन खातो, पोफळ त्याच्या खालचे, केळ तिच्या खालचे, आणि हळदीला उरलेसुरले पुरते. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही.

या वाडीचे आमच्यावर कर्ज आहे. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा बी. ए. झाली होती. बी. एड. करायचे म्हटले तर फीचे पैसे नव्हते. माहेरून मागायची लाज, आणि सासरी मागायची हिंमत नव्हती. अम्मांनी त्या वर्षीची रोठा सुपारी विकली आणि पैसे रुमालात बांधून हातात दिले. म्हणाल्या, "सुपारी लोक चावून थुकतात. तू तिची पोथी कर." आज शाळेच्या रजिस्टरात आमच्या नावापुढे बी. एड. लिहिले जाते तेव्हा आम्हाला आडकित्त्याचा आवाज ऐकू येतो.

3 जून 2020. ईद होऊन नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे धाकटीचे यजमान मुंबईत मशीद बंदरला दुकानातच अडकले होते आणि भाईजान, म्हणजे मोठे दीर, कुवेतला. घरात अम्मा, आम्ही दोघी आणि मुले. निसर्ग वादळ येणार हे रेडिओवर ऐकले होते. पण वादळे येतात म्हणतात आणि गुजरातकडे जातात, अशी आमची समजूत. दुपारी वारा सुटला तो सुटला. आम्ही मुलांना घेऊन माजघरात बसलो. छपरावरचे पत्रे एकेक करून गेले. पोफळ वाऱ्यात वाकते आणि पुन्हा उभी राहते हे आम्ही जन्मभर पाहिलेले. त्या दुपारी वाकलेल्या पोफळी उठल्या नाहीत. माड मुळासकट पडतो तेव्हा जमीन हादरते. आम्ही ते हादरे मोजत होतो. आठ मोजले आणि मग मोजणे सोडून दिले.

वारा थांबल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती उजेड. आमच्या मागच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागे, इतकी वाडीची सावली गडद होती. त्या संध्याकाळी त्या खोलीत लख्ख उजेड होता. सुई पडली तरी दिसावी. थोरली दारात उभी राहिली आणि रडली. (हे वाक्य खोडायला तिने सांगितले होते.) 13 माडांतले दोन उभे होते, नव्वद पोफळींतल्या नऊ. चारही जायफळे गेली. फणस मधोमध चिरला होता. आणि खाडी, जी घरातून कधीच दिसत नसे, ती समोर दिसत होती.

दीड महिना वीज नव्हती. पहिले अकरा दिवस फोन लागला नाही. पडलेली खोडे कापायला करवती नाहीत, माणसे नाहीत, आणि सगळ्या तालुक्याची हीच अवस्था. कोण कोणाच्या वाडीत येणार? पंचनामे झाले. मदत आधी हेक्टरावर मोजणार होते. आमच्या भागात हेक्टरभर बाग कोणाची? सगळा कारभार गुंठ्यांचा. पुढे झाडामागे दर ठरला, माडाला 250 रुपये आणि पोफळीला 50. आमच्यासारख्यांना तेच बरे पडले. पण पन्नास रुपयांच्या त्या झाडाला उभे राहायला किती वर्षे लागली होती, हा रकाना कोणत्याच कागदात नसतो.

भाईजानांचा फोन लागला तेव्हा त्यांच्याकडेही बरी बातमी नव्हती. करोनामुळे कंपनीने पगार अर्धा केला होता आणि तोही वेळेवर मिळत नव्हता. थोड्या दिवसांनी त्यांचा दुसरा फोन आला. पर्यटकांसाठी खोल्या बांधणारा एक माणूस आमच्या जागेसाठी विचारत होता. दिवेआगर, हरिहरेश्वरला येणारे लोक आता आमच्या बाजूलाही वळू लागले आहेत. जागा सपाट झालीच आहे, झाडे काढायचा खर्चही वाचला, भाडेपट्ट्याने द्या नाहीतर विकून टाका, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मोठ्या मुलीला नर्सिंगला घालायचे होते. फी डोळ्यांसमोर होती. सुपारीचे रोप आज लावले तर पीक मिळायला पाच-सात वर्षे, आणि माडाचेही तसेच. तोवर काय खायचे?

त्यांचे चूक होते असे आम्ही आजही म्हणत नाही. परदेशात राबणाऱ्या माणसाला घर म्हणजे आकडा दिसतो, कारण आकडाच त्याला पाठवायचा असतो. आमच्या कोकणी मुसलमानांच्या किती घरांची हीच कथा आहे! पुरुष दोन पिढ्या आखातात, घरे मोठी होत गेली, पुढे अंगणात लादी आली, मागे परसात लादी आली, आणि मग आम्ही पुदिना बाजारातून विकत आणू लागलो.

अम्मांना विचारले तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. त्या महिनाभर पडलेल्या झाडांमधून काठी टेकत हिंडत राहिल्या. एक दिवस त्यांनी आम्हाला हाक मारली. फणसाच्या चिरलेल्या खोडाखालून हळदीचे कोंब वर आले होते. पलीकडे करांद्याचा वेल पडलेल्या माडाच्या झावळ्यांवर चढला होता. अळू तर काही झालेच नाही अशा थाटात पसरला होता. जमिनीच्या खाली जे होते त्याला वादळाने हात लावला नव्हता. आणि जिथे सर्वांत जुने जायफळ पडले होते तिथे, त्याच्याच गळलेल्या बीपासून, वीतभर रोप उभे होते.

"झार परला," अम्मा म्हणाल्या, "जमीन कुठं परली?"

अम्मांच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो आणि 'ळ'चा 'ल'. शाळेत आम्ही मुलांचे उच्चार सुधारतो. घरी आमचे कोणी ऐकत नाही, आणि ते बरेच आहे.

आम्ही दोघींनी मिळून भाईजानांना फोन केला. एक पावसाळा थांबा, इतकेच मागितले. त्यांनी एक वर्ष दिले.

आता लावायचे तर काय आणि केव्हा? आमच्या डोक्यात एकच ठोकताळा, की मृगाचा पाऊस पडला की रोप लावायचे. अम्मांनी तो मोडला. त्यांचे म्हणणे असे, की पोफळीचे कोवळे रोप उघड्या उन्हात जगत नाही. दुपारनंतर नैर्ऋत्येकडून येणारे ऊन तिच्या खोडाला भाजते, भाजलेली जागा फुटते आणि झाड पुढे वाऱ्यात तिथेच मोडते. पूर्वी पोफळ मेली की दुसरी तिच्याच जागी, जुन्या झाडांच्या सावलीत लावत. आता सावलीच गेली. तेव्हा "आदी सावली लावा, मंग सुपारी." श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे. तिथे रोपांची चौकशी करायला गेलो तर तिथल्या माणसानेही हेच सांगितले, फक्त शुद्ध मराठीत. नऊ-नऊ फुटांवर पोफळीच्या जागा आखा आणि आधी मधे केळी लावा.

म्हणजे आमची लावणी पावसात नाही, वसंतात सुरू झाली.

2021च्या फेब्रुवारीत आम्ही केळीचे मुनवे लावले. विहिरीला पाणी होते, ऊन अजून तापले नव्हते. मुनवा कसा निवडायचा हे थोरलीला माहीत होते. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा घ्यायचा. रुंद पानांचा दिसायला देखणा, पण कामाला कच्चा. आमची स्वतःची केळी वादळात झोपली होती, तरी कंदातून मुनवे फुटले होते. ते पुरेनात. तेव्हा शेजारच्या वाडीतल्या काकूंनी सफेद वेलचीचे वीस मुनवे पाठवले. त्यांच्याकडे मिरीचे वेलही शिल्लक होते. हे वेल मूळचे आमचेच. फार वर्षांपूर्वी अम्मांनी त्यांना दिलेल्या तुकड्यांपासून झालेले. आमचे वेल माडांबरोबर गेले, त्यांचे फणसावर राहिले. जमिनीवर पसरलेल्या फांद्यांचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून आम्ही पिशव्यांत लावले. त्यांच्या घरी आमची मिरी राहिली म्हणून आमच्या घरी मिरी परत आली. दिलेली वस्तू आपलीच कशी राहते याचा याहून सोपा धडा आम्ही वर्गात कधी शिकवलेला नाही.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जानेवारीच्या शेवटी पाचवी ते आठवीचे वर्ग पुन्हा भरू लागले होते. मुले मास्क लावून बसत आणि सगळी थोडी घाबरलेली. एक दिवस सहावीत 'बहार' या शब्दावर आलो. उर्दूत बहार म्हणजे वसंत ऋतू. आम्ही फळ्यावर लिहिले आणि विचारले, हा शब्द तुम्ही मराठीत ऐकला आहे का? एका मुलाचे मामा पंढरपूरकडे डाळिंबाच्या बागेत कामाला. तो म्हणाला, "बाई, त्यांच्याकडे तीन बहार असतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार." वर्ग हसला. वर्षातून तीनदा वसंत! पण त्याचे बरोबर होते. फळबागवाल्यांनी आमचा एक ऋतू घेतला आणि झाडाला पाण्याचा ताण देऊन, मग पाणी देऊन, हवा तेव्हा आणायला शिकले.

मग शब्दांचा खेळच सुरू झाला. 'कलम' म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे आंब्याचेही. अरबी-फारसीतून आलेला शब्द एकीकडे दप्तरात बसला, दुसरीकडे बागेत. 'खत'वर तर वर्ग आवरेना. उर्दूत 'खत डालना' म्हणजे पत्र टाकणे आणि मराठीत खत घालणे म्हणजे शेण. "अब्बा कुवेतहून खत टाकतात," असे एक मुलगी म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली. वादळानंतर त्या वर्गात आम्ही प्रथमच इतके हसू ऐकले. त्या मुलांपैकी बहुतेकांच्या वाड्या पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गृहपाठ दिला. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पडलेल्या झाडांची नावे लिहून आणा, आपल्या बोलीत. वह्यांत अशी नावे आली की जी आम्हालाही ठाऊक नव्हती, आणि उर्दूत त्यांना शब्दच नव्हते.

मार्चमध्ये भाईजान परतले. नोकरी गेली होती. पहिले आठ-दहा दिवस ते वाडीकडे फिरकले नाहीत. मग एका सकाळी मागच्या दारात उभे राहून केळीच्या ओळी पाहत राहिले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळीला नवा दांडा बसवला.

एप्रिलच्या मध्यावर रमजान लागला. शाळा पुन्हा बंद झाल्या होत्या. माडाचे खड्डे उन्हाळ्यातच खणायचे असतात. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तितकेच खोल, आणि ते उन्हात तापू द्यायचे. रोजे ठेवून दिवसा हे काम होणे नाही. तेव्हा सहरी झाली, फजरची नमाज झाली की उजाडता उजाडता भाईजान खणायला लागत. आम्ही माती ओढायचो. ऊन चढायच्या आत काम बंद. एका दिवसात एक खड्डा, कधी अर्धाच. असे आठ खणले. तळाला वाळू आणि मूठभर मीठ, वाळवी लागू नये म्हणून. त्यावर पालापाचोळा, शेणखत आणि वरची चांगली माती.

रोप कोणते यावरून घरात वाद झाला. संकरित लवकर धरतो, भाईजानांना तो हवा. अम्मांना बाणवली. तो उशिरा धरतो, पण दोन पिढ्या पुरतो. "लवकर कोनाला पायजे?" अम्मांनी विचारले. भाईजान म्हणाले, "मला. मी पन्नाशीला आलो." यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. चार बाणवली, चार संकरित, असे ठरले.

त्याच महिन्यात कुंपणाला गिरिपुष्पाच्या आणि शेवग्याच्या फांद्या खोचल्या, मिरीसाठी पांगाऱ्याचे खुंट रोवले, सुरणाचे कंद पुरले. मेच्या सुरुवातीला पाणी कमी झाले. खाडीकाठच्या विहिरी त्या दिवसांत मचूळ होतात. तेव्हा घरातला एक थेंब आम्ही वाया जाऊ दिला नाही. भांड्यांचे पाणी, न्हाणीचे पाणी, पाच वेळच्या वजूचे पाणी, सगळे पाटाने केळीला. अम्मा मुद्दाम केळीच्या आळ्यात पाट टाकून तिथेच वजूला बसू लागल्या. झाडावरचे पाखराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या खात्यावर सदका म्हणून लिहिले जाते, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. अम्मांचे म्हणणे असे, की खाते उघडायला आधी पाणी घालावे लागते.

ईद झाली आणि दोनच दिवसांनी, 16 मेच्या रात्रीपासून, पुन्हा तोच वारा. तौक्ते. या वेळी वादळ किनाऱ्याला समांतर समुद्रातून गेले. पण जे एकदा हादरले आहेत त्यांना वाऱ्याचा पल्ला कळत नाही. मुले पुन्हा माजघरात. भाईजान या आधीच्या वादळात नव्हते. ते रात्रभर मागच्या दाराशी बसून होते. सकाळी दार उघडले. पपईची तीन झाडे आडवी होती. केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. पण केळी उभी होती. चार फुटांच्या केळीला वारा काय करणार? उंच काही राहिलेच नव्हते, म्हणून पडण्यासारखेही काही नव्हते. भाईजान फाटकी पाने हातात धरून म्हणाले, "नवीन पान येईल ना?" थोरली म्हणाली, "आठ दिवसांत."

त्या दिवशी जमीन विकायचा विषय घरात संपला असे लिहिण्याचा मोह होतो. तसे झाले नाही. मुलीची फी भरायची होतीच. पुढच्या वर्षी रस्त्याच्या कडेचे तीन गुंठे आम्ही मोकळे केले आणि कर्ज काढून तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. आमच्याच, कोणाला न विकता. त्यासाठी लावलेले दोन माड आणि अकरा पोफळी उपटून दुसरीकडे न्याव्या लागल्या. त्यातल्या सहा पोफळी मेल्या. आधी आम्ही 'चार' लिहिले होते. थोरलीने सहा सांगितले, आणि तिचे बरोबर आहे. 2022च्या अखेरीस भाईजान पुन्हा आखातात गेले. मुलगी नर्सिंगला गेली. म्हणजे वाडी सगळी वाचली नाही. आठ गुंठे वाचली.

पोफळीची रोपे 2021च्या जूनमध्ये, पहिला पाऊस मुरल्यावर, केळीच्या आडोशाला लावली होती. साठ. तेव्हा केळी त्यांच्याहून दुपटीने उंच. दुपारचे ऊन केळीच्या पानांवर थांबत असे आणि खाली रोपाला कवडसे मिळत. केळीने घडही दिले. बाजारात थोडे विकले, पण जास्त करून वाटले. खोड कापून तिथेच आळ्यात टाकायचे, म्हणजे उन्हाळ्यात ओल राहते.

चांद्र वर्ष दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत रमजान एप्रिलमधून मार्चमध्ये आला, आणि आमच्या लावणीचे दिवस आणि रोज्याचे दिवस एकच होऊन गेले. प्रत्येक वर्षी काहीतरी लावले. एका वर्षी दालचिनी, एका वर्षी जायफळाची दोन कलमे. जायफळाचे बी लावले तर झाड नर की मादी हे फुलेपर्यंत कळत नाही आणि नराला फळ येत नाही, म्हणून कलमच आणावे, असे सगळे सांगतात. आम्हीही कलमेच आणली. पण वादळानंतर आपोआप उगवलेले ते वीतभर रोप आता डोक्याच्या वर गेले आहे. ते नर निघाले तर जागा फुकट जाईल, असे भाईजान फोनवर दरवेळी सांगतात. अम्मा म्हणतात, "मर्दाला घरात कोन ठेवत नाय काय?"

2025 साली ईद 31 मार्चला झाली. त्यानंतरच्या आठवड्यात एक काम करायचे होते, जे आम्ही दोन महिने टाळत होतो. पोफळी आता केळीच्या वर गेल्या आहेत. त्यांची पाने एकमेकांना भिडू लागली आहेत. आता केळीच त्यांचे पाणी आणि खत खाते. मधल्या ओळीतली केळी काढायला हवी, असे अम्मांनीच सांगितले होते. पण कोयता घेऊन गेलो आणि हात चालेना. वर्षभर ज्यांना वजूचे पाणी पाजले, ज्यांची फाटकी पाने मोजली, त्यांना कंदासकट काढायचे. ज्यांच्यासाठी सावली धरली ते मोठे झाले म्हणून.

शेवटी थोरलीने पहिला घाव घातला. शिक्षकाच्या पोटात त्या वेळी काय झाले ते शिक्षकालाच ठाऊक. दर वर्षी एक वर्ग पुढे जातो आणि आपण त्याच खोलीत राहतो.

अम्मा खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. त्या म्हणाल्या, "मुनवे फेकू नका. मोजा."

मोजले. अरुंद पानांचे चांगले मुनवे चाळीस निघाले. खालच्या आळीला एका घरची वाडी अजून उघडीच आहे. मुले मुंबईला, म्हातारा-म्हातारी दोघेच. पाच वर्षांत त्यांनी दोनदा सुपारी लावली आणि दोनदा ती उन्हात जळाली. आम्ही मुनवे हातगाडीवर घालून त्यांच्याकडे नेले. म्हाताऱ्या बाबांनी विचारले, "सुपारीची रोपं आणायची सोडून केळी कशाला आणलीत?"

आम्ही दोघी एकदमच बोललो. "आदी सावली लावा, बाबा, मंग सुपारी."

घरी येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. मागच्या खोलीत थोरली काहीतरी शोधत होती. तिने भिंतीवर हात फिरवून बटण दाबले आणि दिवा लावला. आम्ही एकमेकींकडे पाहिले. बाहेर मगरिबची अजान व्हायला अजून बराच वेळ होता.